वाजणारा मेझुझा

चिंचोक्याएवढंच होतं ते बिल्ल्यासारखं पदक – चिंचोक्यापेक्षाही पातळ, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि तळहातावर उलटंपालटं केलं की एका बाजूला पायघोळ झग्यातली, कडेवर मूल घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला असून नसल्यासारखी अक्षरं... बापूंनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर ओढला. बाई जागची हलली नव्हती.

"बाऊजी, नली में से गिरी," रंगारी भगवान शिडीवरून म्हणाला. "कोई माताजी हैं."

कोई माताजी. बापूंनी मूठ मिटली. दिवाळीआधी जयपूरमधली त्यांची सगळी गल्ली रंग काढते म्हणून त्यांनीही काढायला घेतला होता, आणि दाराची चौकट घासायची म्हणून भगवानने मेझुझा उतरवला होता – ती बोटभर पितळी नळी, जी ज्यू माणूस आपल्या दाराच्या उजव्या अंगाला तिरकी ठोकतो, आत कातड्यावर हाताने लिहिलेली प्रार्थना गुंडाळून ठेवतो, आणि येता-जाता तिला बोटं टेकवून ती बोटं ओठांना लावतो. प्रार्थना होती आत, जशीच्या तशी, वडिलांनी अलिबागहून दिली तशी, कधी न उघडलेली. आणि तिच्या खाली, नळीच्या बुडाशी, ही बाई राहत होती.

किती दिवस? आणि कुणाला विचारून?

दुसरा प्रश्न उगाचच होता, त्याचं उत्तर मूठ मिटतानाच आलं होतं. या घरात दोन माणसं. एक मी. दुसरी माझी बायको, शुक्रवारचे नारळ आणायला राजा पार्कला गेलेली.

रमा मूळची वसईची रेमेडिया. तिथल्या रमेदी मातेच्या सणाला जन्मली म्हणून रेमेडिया. कॅथलिक घर, तिन्हीसांजेला सगळे गुडघ्यांवर आणि रोझरीचे मणी बोटांत. बापू नागावकर तेव्हा मालगाडीचे नवे गार्ड, अंगावर पांढरा कडक युनिफॉर्म आणि जिभेला हाड नाही. आमचे पूर्वज नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली – इथपर्यंत जातीतला कुठलाही म्हातारा सांगतो. त्यातला माझा पूर्वज प्रार्थनेची गुंडाळी दातांत धरून पोहत आला आणि वाटेत एका शार्कने त्याला रस्ता विचारला, हे मात्र बापूंचं स्वतःचं. ती हसली होती. विश्वास ठेवून नव्हे – तिने त्यांच्या एकाही थापेवर कधी विश्वास ठेवला नाही, फक्त पुढं काय झालं ते विचारलं. पुढं असं झालं की नागावच्या समुद्रात चार बायकांच्या मधे तिने ज्यू होण्यासाठी तीन बुड्या मारल्या, वाळूत तीन म्हातारे तोंड फिरवून उभे राहून साक्षी झाले, आणि रेमेडियाची रमा झाली. तिच्या वडिलांनी दार लावून घेतलं ते त्यांच्या मयतीलाच उघडलं. ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली. ट्रंकेत काय आहे हे मी विचारलं नाही. मला तेव्हा वाटायचं, बाईने देव सोडला माझ्यासाठी, आता साड्या काय मोजायच्या...

देव सोडला. बापूंनी मूठ उघडून बघितली. हा बघा सुटलेला देव.

आणि मत्सर असा चमत्कारिक, की तो आधी हसू होऊन आला. चव्वेचाळीस वर्षं मी येता-जाता बोटं टेकवतोय, ओठांना लावतोय – आणि खाली ही झगेवाली! बहात्तराव्या वर्षी परस्त्री निघाली, तीही अशी... मग हसू गेलं. कारण मग रमाची बोटं आठवली. बापूंची बोटं मेझुझ्याला लागायची ती चालता चालता, उजव्या हाताने सिग्नल दाखवावा तशी, रमाची थांबायची. ती दारात थांबायची, पिशवी खाली ठेवायची, बोटं टेकवायची, आणि एक श्वास जास्त तिथेच राहायची. तो एक श्वास बापूंचा जन्माचा अभिमान होता. मुंबईच्या मामाला त्यांनी ऐकवलं होतं – तुमच्या जन्मजात बायका दाराशी चपला शोधतात, माझी बघा. तो श्वास माझा होता. आमचा होता. आता कळत होतं की तो कुणाशी तरी बोलण्यात गेलेला श्वास होता, आणि त्या बोलण्यात मी नव्हतो.

"लगा दूँ वापस?" भगवानने विचारलं.

बापूंनी नळी हातात घेतली आणि सवयीने हलवली. वाजली नाही.

इथे मात्र त्यांनी ती कानाशी नेऊन पुन्हा हलवली. कारण मेझुझा वाजायचा. वरचा स्क्रू नेहमी थोडा सैल, बोट लागलं की नळी हलायची आणि आत बारीक किणकिण व्हायची, लहान मुलीच्या पैंजणासारखी. सगळ्या शास्त्री नगरला ते ठाऊक होतं. शेजारचे विमा कंपनीतले जयंतराव, पक्के सत्यनारायणवाले, तेही जिना चढताना टिचकी मारून हात जोडायचे. कारण बापूंनी गोष्टच तशी सांगितली होती.

गोष्ट फुलेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधली. मुलगी एस्तेर पाच वर्षांची, टायफॉइड, अठरा दिवस ताप हटेना. बापूंनी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलला – आमचा तो पैगंबर, जो मेला नाही, रथातून वर गेला आणि अजूनही अडल्या घरी कुठल्याही वेषात येतो. आणि एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी एक म्हातारा दारात आला, अंगावर धुळीने माखलेली घोंगडी, प्यायला पाणी मागितलं, पोरीच्या कपाळाला हात लावला, आणि गेला. संध्याकाळी ताप उतरला. आणि त्या दिवसापासून – बापू इथे आवाज खाली आणायचे – त्या दिवसापासून हा मेझुझा वाजायला लागला. आधी वाजत नव्हता. जाताना त्याचं बोट लागलं त्याला. ऐका.

आणि टिचकी.

बापूंनी आयुष्यात हजार थापा मारल्या. ब्रेकव्हॅनमध्ये चहा मागणारा वाघ, सांभर तलावात मिठाचा डोंगर खाणारी म्हैस... पण ही थाप नव्हती. हजारात ही एकच खरी होती, आणि मेझुझा तिचा पुरावा होता. एस्तेर आज इस्रायलमध्ये, अश्दोदला, स्वतःच्या पोरांना हीच गोष्ट सांगते, आणि बापूंना इकडे फोन दाराला लावायला सांगून त्यांना ती किणकिण ऐकवते.

आणि वाजत होती ती ही बाई. म्हणजे ताप कुणी उतरवला?

नाही, ते नंतर. आधी रमा गेली कुठे ते बघू. दर शुक्रवारी शास्त्री नगर सोडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नारळ – इथे काय नारळ मिळत नाहीत? आणि मला ते इतकी वर्षं सुचलं नाही! बापूंनी भगवानला पांढरा रंग पातळ करू नकोस म्हणून बजावलं, बिल्ला शर्टाच्या खिशात टाकला आणि रिक्षा केली. वाटेत त्यांना सगळं दिसत गेलं: कुठल्यातरी चर्चचा गार दगडी दरवाजा, डोक्यावरून पदर घेतलेली रमा, पुढच्या बाकावर गुडघे टेकलेले, समोर मेणबत्त्या, आणि एखादा पाद्री तिला रेमेडिया म्हणून हाक मारतोय... त्या हाकेशी येऊन त्यांना ठसका लागला. ते नाव मी चव्वेचाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. मी ते जपून ठेवलंय असं समजत होतो. दुसरं कुणी ते वापरत असेल तर?

रमा राजा पार्कच्या नाक्यावर फळवाल्याच्या गाड्यापाशी उभी होती. नारळ कानाशी धरून हलवत होती. बापू चादरींच्या दुकानात शिरले आणि लटकलेल्या रजयांमधून बघत राहिले. दुकानदाराने सिंगल की डबल विचारलं, ते डबल म्हणाले. तिने सहा नारळ ऐकले, दोन घेतले. मग रस्ता ओलांडून उसाच्या रसाच्या दुकानात बसली, एकटी, आणि रस पिताना समोरच्या कुत्र्याकडे बघत होती. अर्धा तास. कुणी आलं नाही. ती कुठे गेली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं – म्हणजे घरी असतो तो माझ्यासाठीचा चेहराही नव्हता, नुसता एका बाईचा चेहरा.

बापूंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ते रजयांच्या उकाड्यात उभे राहून आतून गार पडत गेले. तिला चर्चला जायची गरजच काय होती? बदली झाली की प्रत्येक नव्या क्वार्टरच्या दाराला तिचं चर्च मीच ठोकून देत होतो. फुलेरा, बांदीकुई, जयपूर – हातोडी माझी, स्क्रू माझे, आणि ती मागे उभी राहून म्हणायची, थोडा सैलच राहू द्या, वाजायला हवा ना.

वाजायला हवा ना. तीच म्हणायची.

परतीच्या रिक्षात चांदपोलच्या गर्दीत अडकलेले असताना बापूंना दुसरी गोष्ट आठवली, जी ते कधी विसरले नव्हते आणि तरी जी त्यांनी कधी बघितली नव्हती. त्या दुपारी मी फुलेऱ्याला नव्हतो. मी मालगाडीवर होतो, मेडत्याच्या पुढं कुठेतरी, हिरवा झेंडा मांडीवर. म्हातारा मी पाहिला नाही. घोंगडी मी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा पोर उठून बसून पेज पीत होती, आणि रमा भांडी घासता घासता, वळूनसुद्धा न बघता म्हणाली होती: काल एक म्हातारा येऊन गेला, पाणी मागितलं, हिच्या कपाळाला हात लावला. तुमचाच असेल. – तुमचाच असेल. आणि मी धावत दारात गेलो होतो, बोट लावलं होतं, आणि मेझुझा वाजला होता.

घोंगडी नंतर मी घातली त्याच्या अंगावर. धूळही माझी. पण म्हातारा तिचा होता.

घरी पोचले तेव्हा भगवान डबे आवरून गेला होता. बापूंनी स्क्रूड्रायव्हर घेतला, नळीत फक्त प्रार्थना सारली, आणि मेझुझा उजव्या अंगाला तिरका धरून दोन्ही स्क्रू पिळले, हात दुखेपर्यंत, शेवटच्या फेऱ्यापर्यंत. आता तो जसा असायला हवा तसा होता. शुद्ध. वडील असते तर त्यांनी मान डोलावली असती. बापूंनी बोटं टेकवली, ओठांना लावली. ओल्या रंगाची चव आली.

सूर्य कलायला लागला होता. शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला बसतो, त्याच्या आत दिवा लागायला हवा, म्हणजे ती येईलच. बापू आतल्या खुर्चीवर बसले, जिथून दार दिसतं. जिन्यात चपला. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज, नारळावर नारळ. मग तिचा हात चौकटीवर आला, बोटं टेकली, आणि तिथेच राहिली. एक श्वास. दुसरा. तिसरा.

"आज वाजला नाही," रमा म्हणाली.

बापूंच्या तोंडाशी चार गोष्टी एकदम आल्या – रंग आत गेला, हवा कोरडी, पैगंबराची आज जोधपूरला ड्यूटी – आणि चारही जिभेवरच विरघळल्या. असं त्यांचं आधी कधी झालं नव्हतं.

"भगवानने घट्ट पिळला असेल," ती स्वतःच म्हणाली. पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली. तिने त्यांना निसटायला वाट करून दिली होती, नेहमीसारखी. कुठल्या थापेच्या शेवटी तिने वाट करून दिली नव्हती?

ती हातपाय धुऊन आली, पदर डोक्यावर घेतला, काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतलं. बापू उठून तिच्या मागे उभे राहिले. विचारायचं होतं: ही कधी घातलीस? माझ्या मलिद्याच्या आधी की नंतर? माझ्या देवाचा भरवसा नव्हता, की माझा? चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्या तीन बुड्या तू कुणाच्या नावाने मारल्या होत्यास?

"रमा," ते म्हणाले, "तो म्हातारा... फुलेऱ्याचा. खरंच आला होता ना?"

तिच्या हातात काडी होती, अजून न ओढलेली. ती वळली नाही. त्या दिवशीही वळली नव्हती.

"आता मला काय विचारता," ती म्हणाली. "गावभर तुम्हीच सांगता ना, आला होता म्हणून."

आणि काडी ओढली.

वात धरली. रमाने तीनदा हात दिव्यावरून स्वतःकडे ओढले आणि तळव्यांनी डोळे झाकले, बापूंच्या आईने तिला शिकवलं होतं अगदी तसे. ओठ हलू लागले. शब्द हिब्रू होते, बापूंना पाठ असलेले. पण त्या दोन तळव्यांच्या आत, तिथे त्या काळोखात काय होतं, कोण होतं... मला दिला पैगंबर, बापूंच्या मनात आलं, घडवून, घासूनपुसून, भांड्यासारखा हातात दिला, की घ्या, सांगत सुटा; आणि स्वतःकडे ठेवली एवढीशी चकती. मी हजार थापांनी जे मिळवलं नाही ते हिने एका वाक्यात केलं, आणि उरलेलं आयुष्य गप्प राहून ते सांभाळलं. आता मत्सर त्या झगेवालीचा नव्हताच. तो कुठे सरकला होता हे बापूंना नीट सांगता आलं नसतं – त्या तळव्यांपर्यंत, त्या काळोखापर्यंत, जिथे तीस-पस्तीस वर्षं माझ्यासाठीही काहीतरी मागितलं जात असणार आणि मला ते कधी ऐकू येणार नव्हतं.

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात त्या बिल्ल्याला लागून दार उघडल्यावर टाकलेल्या किल्ल्या होत्या. हात ठेवताना धक्का लागला असेल, किंवा नसेल लागला – ते त्यांनी नंतर स्वतःलाही दोन तऱ्हांनी सांगितलं – पण खिशात बारीक किणकिण झाली.

रमाचे ओठ थांबले. एक श्वासभर.

मग पुन्हा हलू लागले, आणि बापू हात तसाच खिशावर ठेवून ऐकत उभे राहिले, पुढं काय होतं ते.