खाल्लं का त्यांनी?

काचेच्या पेटीच्या आतल्या बाजूने एक माशी वर चढत होती — तिळाएवढी, बिनपंखाची, कॅल्शियमच्या पावडरीत घोळून पांढरी झालेली — आणि तिला खायला कोणी पुढे येत नव्हतं. शेवाळात दडलेले दोन्ही बेडूक, अंगठ्याच्या पेराएवढे, निळेकाळे, कालपासून उपाशी होते. आणि ते उपाशी आहेत याचं त्याला बरं वाटत होतं.

ते त्याच्या बायकोच्या लॅबमधल्या सहकाऱ्याने दिले होते. तो मनातल्या मनात त्याला बेडूकवाला म्हणे. काल पेटी कपाटाच्या आडोशाला ठेवताना बायको त्या बेडूकवाल्याच्याच शब्दांत बोलत होती — टकटक करू नकोस, सारखं डोकावू नकोस, नव्या जागेत बुजतात रे ते, सावरू दे जरा... आणि मी नोकरी बदलली, घास उतरेना, तेव्हा? ‘भूक लागली की खाशील,’ म्हणाली होती.

फोन वाजला.

"खाल्लं का?"

"हो, कालची भाजी होती."

"तू नाही रे! बेडकांनी!" ती हसली. मागे आणखी कुणीतरी हसलं... की लॅबमधलं यंत्र घरघरलं?

"नाही अजून."

फोन ठेवून तो पेटीसमोर बसला. राहू देत उपाशी. नेऊ दे परत त्या बेडूकवाल्याला — आणि एवढ्यात पानाखालून एक बाहेर आला. थांबला. मागच्या पायाचं एक बोट टपटप हलू लागलं, कुणाची तरी वाट पाहताना टेबलावर वाजवावं तसं. मान किंचित कलली आणि माशी होती तिथे नव्हती. जीभ दिसलीसुद्धा नाही. मग दुसरी माशी, तिसरी... त्याने श्वास रोखून धरला होता. घरात एकटा असूनही त्याच्या तोंडून निघालं, "शाब्बास रे!"

पुन्हा फोन. तीच.

सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की ती वळून आधी त्या बेडूकवाल्यालाच सांगणार — आणि हे तर मी पाहिलं होतं, एकट्याने.

"नाही गं. लपूनच बसलेत."

"अरे देवा..." तिचा आवाज एवढासा झाला. "थांब, मी त्यालाच विचारते. संध्याकाळी घरी घेऊनच येते, बघेल तरी."

"अगं, ऐक—"

फोन बंद झाला होता. आत बेडूक निवांत खात होता. याने संध्याकाळपर्यंत पुन्हा लपावं, असं त्याला वाटलं. आणि त्याच क्षणी, अजून एक तरी खा रे, असंही.