खाली ठेवलेला कप

फवाझ तापला की त्याची टॅक्सीही तापते, असं जॉर्डनमधल्या झरका शहराच्या स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणत. त्या दिवशी दोघंही तापले होते. मृत समुद्राच्या कडेचा सगळा रस्ता त्याने हॉर्नवर हात ठेवून कापला. समोर गाडी नसली तरी हॉर्न चालूच.

कारण आदल्या संध्याकाळचं. भाजी निवडता निवडता बायकोच्या तोंडून निसटलं, "आपली मैसून परवा आठ पोरींना कड्यावरून दोरीने उतरवणार आहे. सगळ्यांत पुढारी तीच."

"कोण मैसून?"

"घरात किती मैसून आहेत?"

फवाझच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैसून म्हणजे त्याची एकवीस वर्षांची धाकटी. बारावीत दोनदा नापास झाली आणि त्यानंतर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी बारापर्यंत उठायची नाही. कोणी आलं तर बाहेर यायची नाही. फवाझने काय कमी उपाय केले? दाराबाहेर खुर्ची टाकून तासन्‌तास समजावलं, रागावलं, नव्या फोनचं आमिष दाखवलं, मोठ्या भावाला बोलावून भाषण द्यायला लावलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मैसूनला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" आणि फवाझने सांगितलं, "मैसून." झोप कशी लागते, भूक लागते का, सगळ्याची उत्तरं फवाझनेच दिली. पोरगी बोलतच नाही म्हटल्यावर कोणीतरी बोलायला नको?

शेवटी महिला केंद्रातल्या बाईंनी या शिबिराचं नाव काढलं. फेनानच्या डोंगरात वीस दिवस, फक्त मुली, जग ज्यांना जड झालंय अशाच. चालायचं, नकाशा वाचायचा, चूल पेटवायची, दोर बांधायचे. फवाझने हवापालट समजून सही केली होती. कडा, दोरी, पुढारीपण असलं काही त्याने वाचलं नव्हतं. कारण कागद न वाचताच सही करायची त्याची जुनी खोड.

त्याच संध्याकाळी त्याने फोन लावला. "उद्या येतोय. बॅग भरून ठेव."

 पलीकडून मैसून म्हणाली, "या बाबा. कॉफीला या."

इथेच त्याने सावध व्हायला हवं होतं. पण फवाझ खुशीत होता, कारण त्याच्या हातात हुकमाचा पत्ता होता. शिबिराचा तळ अबू स्वेलम नावाच्या म्हाताऱ्या बदूच्या, म्हणजे वाळवंटातल्या टोळीवाल्याच्या, तंबूला लागून होता आणि त्या पोरी त्याच्या आश्रयाला होत्या. बदूच्या तंबूत पाहुण्याने कॉफीचा कप न पिता खाली ठेवला की त्याचं काहीतरी मागणं आहे, हे शेंबडं पोरही जाणतं. मग यजमानाला म्हणावंच लागतं, "प्या, तुमचं काम झालं समजा." नाही म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांची अब्रू जाते. फवाझच्या आजोबांनी याच एका कपावर फवाझसाठी बायको मिळवली होती. हा किस्सा फवाझने घरात निदान शंभर वेळा सांगितला होता, ऐकणारा जेवत असो वा झोपलेला.

डांबरी रस्ता संपला तिथे पिकअप घेऊन इताफ उभी होती. शिबिराची मुख्य. कराकची बाई, वीस वर्षं फौजेत काढलेली, उन्हाने रापलेली.

"अबू लुअई, एक आधीच सांगते," गाडी चालवता चालवता तिने फवाझला रीतीप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावाने, लुअईचे वडील म्हणून, हाक मारली. "मैसून सज्ञान आहे. जायचं की राहायचं ते ती ठरवेल."

"तुमच्याशी मला बोलायचंच नाही. मी तंबूच्या धन्याशी बोलेन."

"बोला की," इताफ म्हणाली आणि उगाचच हसली. फवाझला ते हसणं आवडलं नाही.

बकरीच्या केसांच्या त्या काळ्या तंबूत अबू स्वेलमने त्याला उशीला टेकून बसवलं. घरच्यांची, गुराढोरांची, पावसापाण्याची चौकशी झाली. चुलीपाशी कोणीतरी वेलदोडे कुटत होतं. फवाझने नीट पाहिलं तेव्हा कळलं की ती मैसून आहे. काळवंडली होती, बोटाला चिंधी बांधली होती, पण ताठ बसली होती. खलबत्त्याचा ठेका असा धरला होता की बाहेरच्या शेळ्यासुद्धा कान टवकारत होत्या.

"इथे कॉफी पोरगी देते?" फवाझने विचारलं.

"जी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवते, ती देते," अबू स्वेलम म्हणाला. "इथे प्रत्येकीला एक काम. हिला कॉफी आली. पहिले तीन दिवस बिया जाळल्या हिने, मी जळकीच प्यालो. चौदा दिवसांत एकदाही उशीर नाही. माझे मुलगे शहरात गेल्यापासून अशी कॉफी मला मिळाली नव्हती."

पहाटे! फवाझला वाटलं म्हातारा दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय.

मैसून डाव्या हातात पितळी किटली आणि उजव्या हातात बिनकानाचे इवलेसे कप घेऊन आली. फवाझ सावरून बसला. रीत अशी की पहिला कप देणाऱ्याने स्वतः प्यायचा, पाहुण्याला खात्री पटावी म्हणून. दुसरा पाहुण्याचा. तोच कप फवाझ खाली ठेवणार होता. वाक्यही त्याने मृत समुद्रापाशीच तयार केलं होतं: माझी पोरगी आज माझ्याबरोबर घरी पाठवा.

मैसूनने पहिला कप भरला. ओठांपाशी नेला. आणि न पिता वाकून तो फवाझच्या गुडघ्यासमोर चटईवर ठेवला.

चुलीमागे बसलेल्या इताफने मान वर केली.

"हे काय?" फवाझ म्हणाला.

"माझं मागणं आहे, बाबा. तुमच्याकडे."

"अगं, मागणं पाहुणा मागतो! यजमानाकडे! तू देणारी आहेस!"

"हो."

फवाझने अबू स्वेलमकडे पाहिलं. "हाजी, सांगा हिला. असा कायदा नाही."

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. त्याचे डोळे मिश्कील झाले होते. "सत्तर वर्षं मी कॉफी देतोय आणि पितोय. असं कोणी केलेलं पाहिलं नाही. पण असं करू नये, हेही कोणी सांगितलेलं नाही. एक मात्र नक्की, अबू लुअई. तो पहिला कप प्याल्याशिवाय या तंबूत दुसरा भरला जायचा नाही."

आणि दुसरा कप नाही, तर फवाझ खाली काय ठेवणार, डोकं? शंभर वेळा सांगितलेला किस्सा पोरीने भिंतीकडे तोंड करून का होईना, ऐकला होता. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती.

"बोल," तो शेवटी गुरगुरला.

"उद्या सकाळी मी मुलींना उतरवणार. तुम्ही खाली उभे राहायचं. आणि शेवटची मुलगी उतरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हूं नाही, अरे नाही, सांभाळ नाही. त्यानंतर तुम्ही म्हणालात तर बॅग घेऊन टॅक्सीत बसेन. शपथ."

"एवढंच?"

"एवढंच," मैसून म्हणाली. चुलीमागे इताफला खोकल्याची उबळ आली.

"पी," फवाझ म्हणाला. "काम झालं समज."

मैसून प्याली आणि मग तिने बापाला भरून दिला. कॉफी कडक आणि बेतशीर होती. फवाझने तीन कप घेतले, पण हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही.

सकाळी तो कड्याखाली उभा राहिला. कडा चार मजली इमारतीएवढा. वर मैसून, लाल हेल्मेट घातलेली. सुरक्षेचा जादा दोर इताफच्या हातात होता, पण ती दोन पावलं मागे बसली होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. मैसून प्रत्येकीचा पट्टा ओढून पाहायची, गाठ बोटाने चाचपायची, मगच सोडायची. एक उतरली. दोन. पाच. सात. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते फवाझला चौपन्नाव्या वर्षी कळत होतं.

आठवी लमीस. अर्ध्यावर आली आणि थिजली. गाल खडकाला लावला, डोळे मिटले, दोरी घट्ट धरली. "मी नाही," ती रडत म्हणाली. "मला नाही जमत."

डावा पाय खाली घे, असं ओरडायला फवाझने तोंड उघडलंसुद्धा. दोरीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याने त्याचं कधी अडलं होतं? आणि मग दिलेला शब्द आठवला. त्याने डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढलं आणि तोंडात कोंबलं.

वरून मैसूनचा आवाज आला. मोठा नाही, नेहमीचाच.

"लमीस, तुझ्या उजव्या पायाखाली काय लागतंय?"

लमीस काही बोलली नाही. मैसूनही बोलली नाही. ती वाट पाहत राहिली. फवाझचा जीव टांगणीला लागला. अगं बोल, काहीतरी सांग तिला, ती पडेल! तो रुमाल चावत होता. एक मिनिट गेलं असेल. त्याला तास वाटला. आणि त्या मिनिटात त्याच्या एकदम लक्षात आलं की दोन वर्षं त्या दाराबाहेर बसून त्याने मैसूनला एवढा वेळ एकदाही दिला नव्हता. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"दगड," लमीस पुटपुटली.

"हलतोय?"

"नाही."

"मग त्यावर उभी राहा. घाई नाही. मी इथेच आहे."

लमीस उभी राहिली. मग एक पाऊल खाली. मग दुसरं. खाली पोचल्यावर ती सातजणींच्या गळ्यात पडून हसत रडत सुटली. सगळ्यांत शेवटी मैसून आली, शांतपणे, जिना उतरावा तशी.

तिने हेल्मेट काढलं आणि बापासमोर उभी राहिली. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"बोला आता, बाबा."

फवाझने तोंडातला रुमाल काढला.  मग त्याने तिच्या आईने दिलेला खजुराच्या बिस्किटांचा डबा तिच्या हातात ठेवला.

तंबूत कॉफी तयार होती. अबू स्वेलमने फवाझला शेजारी बसवलं आणि रीतीप्रमाणे त्यालाच विचारलं, "मग अबू लुअई, पोरगी आज घरी येतेय की राहतेय?"

आठही मुली खायच्या थांबल्या. मैसूनने किटली खाली ठेवली. तिने शपथ घेतली होती आणि ती मोडणार नव्हती, हे फवाझला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला काय विचारता, हाजी?" फवाझ म्हणाला. "तिला विचारा."

आणि तो गप्प बसला.  मैसूनने विचार केला, बोटाची चिंधी सोडून पुन्हा बांधली. फवाझने आपला कप हातात धरला आणि तिला हवा तेवढा वेळ लागू दिला.

"सहा दिवस राहिलेत," ती म्हणाली. "ते पूर्ण करून येते."