तीन बोटं मागे

चॉपस्टिकवरचा लाल डाग मी घासून काढला तेव्हा मला ती वाळलेली मिरचीची पेस्ट वाटली. माझ्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं. अठरा वर्षं मी कोरियातल्या देजॉनच्या बाजारात कल्गुक्सूची खानावळ चालवतेय. हाताने कापलेल्या शेवया, शिंपल्यांचं सूप, बाजूला किमची. रोज शेकड्यांनी काड्या हाताखालून जातात. लाल दिसलं की हात आपोआप घासणीकडे वळतो.

ही काडी मात्र खानावळीची नव्हती. ती घरी सोदमच्या टेबलावर, रिकाम्या वाडग्याशेजारी पडलेली होती. सोदम माझी एकुलती एक मुलगी. वय वीस, व्यवसाय व्हिडिओ गेम. व्यवसाय हा शब्द तिचा. माझा शब्द वेगळा होता, पण तो काढला की ती दोन दोन दिवस जेवायची नाही, म्हणून मी तो गिळायला शिकले.

घासणीला लाल पापुद्रा चिकटून आला. मिरची अशी पापुद्र्याने निघत नाही. ते नेलपॉलिश होतं, आणि ते तिथे कशासाठी लावलंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

सोदमचा घरचा पडदा सत्तावीस इंची. स्पर्धेत सगळ्यांना देतात तो चोवीस इंची. तिचं म्हणणं असं, की डोळ्याला समोरचा शत्रू जेवढा दिसतो, त्याच मापाने हात माऊस हलवायला शिकतो. पडदा लहान झाला की तेवढं पुढे सरकून बसायचं, म्हणजे डोळ्याला फरक कळत नाही. फार पुढे गेलं तर कोपरे नजरेतून सुटतात. मागे राहिलं तर शत्रू बारीक होतो आणि गोळी त्याच्या कानाजवळून निघून जाते. घरी तिने खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तिथे झाडू मारायलाही मला बंदी. स्पर्धेसाठी ती तीन आठवडे कोपऱ्यावरच्या पीसी बांगमध्ये, म्हणजे तासावर कॉम्प्युटर देणाऱ्या गेमच्या दुकानात, चोवीस इंची पडद्यापुढे बसली आणि केसागणिक पुढेमागे होत एकदाची जागा शोधली. तेव्हा तिच्या हातात रामेन खायची काडी होती, त्या काडीनेच तिने माप घेतलं. काचेपासून कपाळापर्यंत एक आख्खी काडी, आणि दुसऱ्यांदा धरली की लाल खुणेपर्यंत.

"अगं, बाजारात मोजपट्टी मिळत नाही का?" मी विचारलं होतं.

"मोजपट्टीवर आकडे असतात आई. आकडे दिसले की मला गणिताचा पेपर आठवतो."

त्या तीन आठवड्यांत मी रोज दुपारी तिला डबा घेऊन जायची. काचेला नाक लावून बसलेली पोर बघून कुठली आई गप्प बसेल? मी पडद्याच्या कडेला कोपर टेकवायची, मूठ तिच्या कपाळावर ठेवायची आणि मागे ढकलायची. "मागे हो! डोळे जातील, मग काठी घेऊन मीच फिरवायची का तुला?" ती तीन वर्षांची असताना टीव्हीपुढेही मी हेच करायची. पीसी बांगमधली पोरं हसायची. तिने जागा पक्की केल्यावर तर माझ्या कोपरापासून मुठीपर्यंत बरोबर तेवढंच अंतर उरायचं. मूठ जेमतेम मावायची, ढकलायला जागाच नसे.

स्पर्धा आठवड्यावर आली होती. जिंकणाऱ्याला सोलच्या एका गेमिंग क्लबच्या निवासात जागा मिळणार होती. राहणं, शिकणं, पुढे संघात. एकवीस पूर्ण झालेल्यांना ते घेत नाहीत, आणि सोदमचा वाढदिवस पुढच्या महिन्यात. म्हणजे हीच एक संधी. हरली तर दातांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करीन, असं तिने मला कबूल केलं होतं. कॉलेज घरापासून दोन थांब्यांवर. त्याचा अर्ज मी आणून पर्समध्ये ठेवला होता. तिचा बाप मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. सोदम सोलला गेली की संध्याकाळी खानावळ बंद करून मी कुणासाठी घरी जाणार होते, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

आता सांगते ते कान देऊन ऐका, कारण यात मी काही लपवणार नाही. काडी हातात घेऊन मी न्हाणीघरात उभी राहिले. माझ्या नेलपॉलिशची बाटली समोरच होती. खूण कुठे होती ते मला साधारण आठवत होतं, अगदी नेमकं नाही. दोन जागा डोळ्यांसमोर येत होत्या. एक काडीच्या मध्याच्या जरा वर. दुसरी त्याहून तीन बोटं वर, जाड टोकाला कोरलेल्या फुलाच्या जवळ. दुसरी खूण लावली तर ती तीन बोटं मागे बसेल, एवढं मला कळत होतं. तीन बोटांनी काय आकाश कोसळतंय, असं मी मनाशी म्हटलं. तेवढेच डोळे वाचतील. आणि मी फुलाजवळ रंग लावला.

सोदमला सांगितलं असतं तर ती अर्ध्या तासात पीसी बांगमधून नवी खूण करून आली असती. मी सांगितलं नाही. "काडी धुतलीस का गं?" तिने संध्याकाळी विचारलं. "पुसली नुसती," मी म्हणाले. त्या आठवड्यात ती घरच्याच पडद्यावर, चिकटपट्ट्यांतल्या खुर्चीत बसून सराव करत होती. काडी तिच्या माऊस-कीबोर्डच्या पेटीत पडून राहिली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी समुद्रशेवाळाचं सूप केलं नाही, ते खाऊन गेलं की पाय घसरतो. चिकट यॉतची, तांदळाच्या मिठाईची, कांडी मात्र तिच्या तोंडात घातली, यश चिकटून राहावं म्हणून. कसले कसले शकुन सांभाळले मी! बसमध्ये काडी तिच्या मांडीवर होती आणि माझी नजर त्या लाल ठिपक्यावरून हटत नव्हती. प्रत्येक थांब्याला मी म्हणत होते, आता सांगते. नदीवरचा पूल आला, सभागृह आलं, माझं तोंड उघडलं नाही.

"आई, तू का थरथरतेस? खेळायचं मला आहे," सोदम म्हणाली.

"बसमधला एसी फार आहे," मी म्हणाले.

आधीच्या फेऱ्या तिने घरूनच ऑनलाइन जिंकल्या होत्या; सभागृहात फक्त अंतिम सामना, दुपारी दोनला. एकास एक, पाच डाव, तीन जिंकेल तो विजेता. समोर उल्सानचा मा गन-उ नावाचा मुलगा, सतरा वर्षांचा, गालावर मुरूम, मान खाली. त्याने पेटीतून शिंप्याची टेप काढली आणि काचेपासून नाकापर्यंत अंतर मोजलं. सोदमने काडी धरली. एक आख्खी, मग खुणेपर्यंत. खुर्ची मागे सरकवली. पुन्हा मोजलं. तिच्या भुवया जवळ आल्या, पण तिने मान हलवली आणि हेडफोन चढवले. काडीवर तिचा विश्वास होता. माझ्यावर नसेल एवढा काडीवर होता.

पहिला डाव ती हरली. आमच्यासाठी भिंतीएवढा पडदा लावला होता, त्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. तिची प्रत्येक गोळी त्या मुलाच्या खेळातल्या पुतळ्याला चाटून जात होती, लागत नव्हती. मला या खेळातलं फारसं कळत नाही, पण कानाजवळून म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या डावात मी भिंतीवरचा पडदा सोडून तिच्याकडेच बघत होते. तिचं अंग आपोआप पुढे झुकायचं. मान, खांदे, सगळं. मग तिच्या ते लक्षात यायचं आणि ती स्वतःला खेचून मागे न्यायची, खुणेच्या जागी. पुढे, मागे. पुढे, मागे. तिचं शरीर तिला खरं सांगत होतं आणि ती माझ्या खोट्या ठिपक्याचं ऐकत होती. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. पर्सचा पट्टा तेवढा हातात पिळवटला गेला.

दुसराही डाव गेला. दहा मिनिटांची सुट्टी जाहीर झाली. सोदम पाणी प्यायला कठड्याजवळ आली. चेहरा पांढरा पडला होता.

"आई, माझे हात मेलेत," ती म्हणाली. "काहीच लागत नाही. सगळं लांब वाटतंय. मला भीती वाटतेय गं."

"हात चांगले आहेत तुझे. खूण खोटी आहे."

"काय?"

"मी घासली ती. मिरची समजून. मग मीच पुन्हा लावली. तीन बोटं मागे लागलीय."

तिने पाण्याची बाटली कठड्यावर ठेवली. मागे लोक मक्याच्या लाह्या खात होते.

"लागलीय की लावलीस?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तेवढं एकच उत्तर माझ्याकडे खरं होतं.

ती चिडली असती, दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तरी मी उभी राहिले असते. पण तिला वेळ नव्हता. तिने काडी उलटसुलट करून पाहिली. "मला आता जागा सापडणार नाही. डोकं बधिर झालंय. तीन बोटं म्हणजे कुणाची? सरळ की तिरपी?" तिचा आवाज चिरकला. "दहा मिनिटांत कशी शोधू मी?"

तेव्हा मला माझा हात आठवला.

"इकडे ये," मी म्हणाले. कठड्याच्या खांबाला कोपर टेकवलं, मूठ वळली. "हा खांब म्हणजे काच. कपाळ लाव."

तिला कळलं. वाकून तिने कपाळ माझ्या मुठीला लावलं. घामाने गार पडलेलं होतं. आयुष्यभर तिला ज्या हाताने मागे ढकललं त्याच हाताशी ती निमूट उभी राहिली, आणि दुसऱ्या हाताने काडी माझ्या बाहीवर ठेवून मोजू लागली. एक आख्खी. मग दुसरी. मी पर्समधून लिपस्टिक काढून दिली. पर्स उघडताना आतला अर्ज तिला दिसला. तिने मध्याच्या जरा वर रेघ ओढली.

"मावशी, सामना सुरू होतोय, मागे व्हा," पंच म्हणाला.

तिसरा डाव तिने जिंकला, तोही असा की लोक उभे राहिले. चौथाही. तिचं अंग आता हलत नव्हतं. काचेच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, खिळल्यासारखी बसली होती. माझ्या शेजारचा एक बाप म्हणाला, "ही आधी झोपली होती का?" जवळ राहा, एवढंच मी मनात म्हणत होते. जवळच राहा पोरी.

पाचव्या डावात दोघांचा एकेक जीव उरला होता. दोघं एकाच दारातून समोरासमोर आले. दोघांच्या गोळ्या लागल्या. त्याची आधी लागली. किती आधी ते भिंतीवर आकड्यांत आलं, पण मी ते वाचलं नाही.

तीन-दोन. क्लबच्या माणसाकडे मी धावत गेले. "साहेब, पहिले दोन डाव तिचे नव्हते, ते माझ्यामुळे गेले," असं म्हणत त्याला काडी, खूण, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, कमरेतून वाकला आणि म्हणाला, "ताई, दर वर्षी कुठल्या ना कुठल्या आईचं असं काहीतरी असतं." मग तो त्या मुलाच्या वडिलांशी हात मिळवायला गेला.

घरी आलो तेव्हा उजेड होता. सोदमने काडी मोरीत धुतली, लिपस्टिकची रेघ गेली, माझा ठिपकाही तिने नखाने खरवडून काढला, आणि ती चमच्यांच्या डब्यात टाकून दिली. मग जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाली,

"आण तो अर्ज."

"आज कशाला? राहू दे. मी तुला काही म्हणाले का?"

"आण, आई. कबूल केलं होतं मी."

मला हवं होतं ते मला मिळत होतं. ती इथेच राहणार होती, दोन थांब्यांवर, रोज संध्याकाळी घरी. मी पर्स उघडली तेव्हा माझे हात कुणा परक्या बाईचे असावेत तसे वाटले.

ती लिहू लागली. नाव, जन्मतारीख, पत्ता. अक्षर बारीक, रकाने त्याहून बारीक. लिहिता लिहिता ती खाली झुकली, आणखी झुकली, नाक कागदाला लागायला आलं. माझं कोपर टेबलावर टेकलं, मूठ वळली आणि तिच्या कपाळाकडे निघाली. सवयच ती.

मूठ अर्ध्यावर होती तेव्हा सोदमने मान वर केली आणि स्वतःच खुर्ची मागे सरकवली. बरोबर तीन बोटं.

"आता बरोबर आहे?" तिने विचारलं.

माझा हात टेबलावर तसाच राहिला.