बारा तारखेची बटणे

"यंत्र म्हणतंय एकशे अठ्ठेचाळीस आणि तुम्ही म्हणता एकशे सत्तेचाळीस. मावशी, दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय," मॅनेजर म्हणाला.

मावशीने डब्यातली बटणे पुन्हा टेबलावर ओतली आणि दहा-दहाचे ढीग लावले. एकशे सत्तेचाळीसच भरली.

गोदामाच्या फाटकावर ती एकोणीस वर्षे बसत होती. दर महिन्याच्या बारा तारखेला राज्याच्या आकडेवारी कचेरीतून फोन येई. आज कामावर माणसे किती? हमाल, ड्रायव्हर, पॅकिंगच्या बायका, ठेकेदाराची माणसे, सगळी धरून. वाहतुकीत आणि गोदामांत रोजगार वाढला की घटला, ते अशा फोनांवरून ठरे. ठेकेदाराची माणसे भलत्याच वहीत सह्या करत, म्हणून मावशीने आपली एक रीत बसवून घेतली होती. माणूस आत गेला की एक बटण या डब्यातून त्या डब्यात. जुन्या गणवेशांची बटणे होती ती. "माझी दोन टाका मावशी, पोट सुटलंय," असे फोर्कलिफ्टवाला दर बारा तारखेला म्हणे. ती एकच टाकी.

या महिन्यात फाटकावर कार्डाचे यंत्र आले. सगळ्यांना कार्डे मिळाली, मावशीलाही. वरून हुकूम होता की बारा तारखेला दोन्ही मोजण्या करा. जुळल्या तर फाटकावर माणूस नको, नाही जुळल्या तर यंत्र परत पाठवा.

मॅनेजर मनाने वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "यंत्र चुकलं असं लिहून टाकतो. उद्या सकाळी कळवायचंय. आकडेवाल्यांनाही उद्याच सांगा." जेवणाच्या सुट्टीत तर फोर्कलिफ्टवाल्याने जाहीरच केले, की मावशीने यंत्राला चारी मुंड्या चीत केले.

संध्याकाळी निघताना मावशीने गळ्यातले कार्ड काढले आणि तिचा हात तिथेच थांबला. सकाळी कुलूप उघडल्यावर, कुणी यायच्या आधी, हे कार्ड तिने यंत्राला दाखवून पाहिले होते. यंत्राने तिला मोजले होते. तिने मात्र स्वतःचे बटण टाकले नव्हते. आज नाही, आणि एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

घरी नवरा होता. ट्रक चालवता चालवता त्याची कंबर गेली होती, तेव्हापासून घर तिच्यावरच. तिने त्याला सगळे सांगितले.

"गप्प बसलीस तर कुणाचं काय जाणार आहे?" तो म्हणाला. "यंत्राला काय पोट आहे?"

"नाही."

"मग?"

"मोजणी माझी चुकली ना," ती म्हणाली आणि ताटे घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला सांगितले. त्याने लिहायला काढलेल्या पेनाला टोपण लावले.

"हे मला सांगायलाच हवं होतं का मावशी?"

तिने होकारार्थी मान डोलावली. त्याने टोपण काढले आणि दोन्ही मोजण्या जुळल्या असे लिहिले. महिनाअखेरपर्यंत या, असे तो कागदाकडे बघतच म्हणाला.

मग तिने आकडेवाल्या भाऊंना फोन लावला. एकोणीस वर्षांची ओळख, पण एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नाही. एकशे अठ्ठेचाळीस ऐकून ते खूश झाले. तुमच्याकडे एक वाढला, राज्यातही यंदा वाढच आहे, म्हणाले. वाढला नाही, तो पहिल्यापासून होता, तिने समजावले. मागचे आकडेही दुरुस्त करून घ्या. लाखांत एक माणूस दिसत नाही हो, भाऊ हसून म्हणाले, मागचे राहू द्या तसेच. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "आणि पुढच्या महिन्यात किती धरू?"

"एकशे सत्तेचाळीस," मावशी म्हणाली. "तेव्हा मोजणी बरोबर असेल."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कुलूप मॅनेजरने उघडले. मावशी बाहेरून आली, इतरांसारखी रांगेत. फोर्कलिफ्टवाला बाजूला झाला. तिने कार्ड दाखवले, हिरवा दिवा लागला. मग टेबलापाशी जाऊन तिने एक बटण या डब्यातून त्या डब्यात टाकले आणि झाकण लावले.