वहीतला धाकटा

पंचवटीत आमच्या भिंतीला भिंत लावून दिवाकरभट राहायचे, रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. त्यांच्याकडे यजमानांच्या वंशावळींची वही होती, शेवटच्या पानांवर स्वतःच्या घराण्याचीही. ती इतकी जड, की एका पुरात सगळी आळी वाहायला लागली तेव्हा गोदामाईच वहीला वळसा घालून गेली. खोटं वाटत असेल तर वाटू दे. पण वहीत आहे ते घडलेलंच असणार, यावर यजमानांचा देवापेक्षा जास्त विश्वास, हे मात्र खरं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. भटजींची सून आभा हिने एका मुलीवर थांबायचं ठरवलं होतं. त्या मुलीच्या, गौतमीच्या वेळी ती सतरा दिवस दवाखान्यात होती. रक्त द्यायला उभ्या राहिलेल्या रांगेचं शेपूट पार नाशिकरोडला गेलं होतं. आता शुक्रवारचं ऑपरेशन ठरलेलं, फक्त डॉक्टरीणबाईंना फॉर्मवर नवऱ्याची सही हवी होती. नवरा म्हणजे आल्हाद. तो खोलीत हो म्हणायचा, आणि मुलगा हवाच म्हणणाऱ्या वडिलांसमोर मुका व्हायचा. तीन आठवडे फॉर्म कोराच.

मंगळवारी दुपारी येवल्याच्या चतुराबाई आल्या, भटजींच्या जुन्या यजमानीण. सासूचं श्राद्ध उरकून घरी टेकल्या आणि पिशवीतून जरीकाठाचं इवलंसं कुंचडं काढून म्हणाल्या, "बाळ झोपलंय का?"

"कुठलं बाळ?" आभाने विचारलं.

"तुमचा धाकटा. नचिकेत. मागल्या साली माझ्या नातवानं तुमच्या वहीत वाचलं ना."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, भिंतीतून ऐकलंय; पण आमची भिंत माझ्यासारखी नाही, खरं बोलते. आभा उठली आणि देवघराच्या फळीवरून वही उतरवून आणली. आल्हादच्या नावाखाली गौतमी. गौतमीखाली, त्याच ठसठशीत अक्षरात, नचिकेत.

भटजी म्हणाले, आल्हादच्या पत्रिकेत दुसऱ्या खेपेला मुलगा स्पष्ट दिसतोय, म्हणून जागा धरून ठेवली, त्यात वावगं काय. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि वहीतलं खोडायचं नसतं. सात पिढ्यांत एक काट मारलेली नाही."

"नका खोडू," आभा म्हणाली. "याला आणताना मी गेले, तर ती तिथीही आत्ताच लिहून ठेवा. जागा आहे खाली."

चतुराबाईंनी कुंचडं पदराखाली घेतलं. आल्हाद खांबाला टेकून उभा होता, त्या खांबाइतकाच बोलका.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अनसूयाबाई पुढे आल्या. या भटजींच्या पत्नी. चाळीस वर्षांत मी त्यांचा आवाज वाटीभरही ऐकला नव्हता.

"आल्हादच्या आधी माझी दोन गेली," त्या म्हणाल्या. "एक नऊ दिवसांचं, एक अकरा. ती कुठल्या पानावर आहेत?"

भटजींनी वही आपल्याकडे ओढून मिटली. मग म्हणाले, "बारसं झालं नव्हतं त्यांचं."

"आणि याचं झालं?"

त्यानंतर भिंतीपलीकडे इतकी शांतता पसरली, की कुंडातले मासे उलटे वळलेले मला ऐकू आले.

अनसूयाबाई मुलाकडे वळल्या. "तुझ्या वडिलांकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ. तुला दुसरं मूल हवंय की ही हवी?"

"ही," आल्हाद म्हणाला. खोलीत जाऊन फॉर्म आणला आणि सगळ्यांसमोर सही केली. पहिलं अक्षर कोणालाही लागणार नाही असं आलं. भटजी उठून कुंडाकडे निघून गेले. त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातचं पाणीही घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी गंगापूर रोडच्या दवाखान्यात जायला रिक्षा आली. मागे आभा, आल्हाद आणि अनसूयाबाई बसले. पुढे, चालकाशेजारी अर्ध्या सीटवर, तोंड फिरवून दिवाकरभट. वाटभर ते बोलले नाहीत, असं रिक्षावाल्याने मला सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्यांशी मात्र आभा जरा थबकली, तेव्हा त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले.