बोझोची भरड

मी एक जुने जाते आहे. दोन तळ्या, मध्ये लोखंडी खीळ आणि जर्दाळूच्या लाकडाचा खुंटा, एवढाच माझा संसार. नारिन नदीच्या वरच्या अंगाला एका घराच्या दाराशी मी सध्या बसून असते. येणारे-जाणारे माझ्यावर टेकून बूट काढतात. त्याचे मला काही वाटत नाही. दगडावर कोणी बसले म्हणून दगडाचे काही कमी होत नाही.

मित्रांनो, मला कादिरकुलने घडवले. ज्या वर्षी तो सुयुमकानला लग्न करून घरी घेऊन आला, त्याच वर्षी त्याने नदीच्या कड्यावरून माझा दगड काढला. पिठासाठी माझी कोणाला गरज नव्हती, पीठ गावच्या पाणचक्कीवर होत असे. मला घडवले ते बोझोसाठी. तुमच्याकडे आंबील करतात, तसलेच हे पेय, फक्त चार वाडगे पोटात गेले की माणसे गाऊ लागतात. वरी भरडायची, शिजवायची, निवली की तिच्यात मोड आणून वाळवलेल्या जवाची भरड मिसळायची, आंबू द्यायचे आणि फडक्यातून गाळायचे. उरले तर कादिरकुल ते कढईत घालून वर झाकण आणि नळी बसवी आणि थेंब थेंब अरक काढी. तो त्याने पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असे, आणि पाहुण्यांत तो स्वतःलाही धरी.

सगळी मेख भरडीत आहे. दाणा फुटला पाहिजे, पण त्याचे पीठ होता कामा नये. जवाचे टरफल मोठे राहिले की गाळताना त्याचीच चाळण होते. पीठ झाले की फडके तुंबते, आणि भट्टीवर तेच पीठ कढईच्या बुडाला लागून करपते. मला भरड जमत असे. सुयुमकान माझ्यात मूठमूठ वैरायची, खुंटा फिरवायची आणि फिरवता फिरवता सगळ्या गावाची उणीदुणी काढायची. त्या वर्षांत माझी फार वाहवा झाली.

हिवाळ्यात आमच्या गावात जोरो बसते. हे पुरुषांचे मंडळ. आज एकाच्या घरी, पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या. ज्याची पाळी त्याचा बोझो आणि त्याचे मटण, बाकीच्यांनी गाणी आणायची आणि टवाळी आणायची. कादिरकुलची पाळी असली की लोक दुपारचे जेवण टाळून येत.

मग कादिरकुल गेला. जोरोने त्याची जागा एक हिवाळा मोकळी ठेवली. तो जिथे बसे तिथे त्याचे लोकरीचे आसन घडी करून ठेवले. आमच्या गावाची रीत अशी की पुढच्या हिवाळ्यात मुलाने एकदा सगळ्यांना बोलवायचे. वाडगे रिकामे झाले तर घडी उलगडायची आणि मुलगा बापाच्या जागी बसतो. वाडगे अर्धे राहिले तर आसन घरी परत जाते आणि जागा दुसऱ्याला मिळते. मुलगा तोक्तोसुन, त्याने ही गोष्ट मनाला फार लावून घेतली होती. बोझो करायचा होता त्याच्या बायकोने, शारापातने, कारण सुयुमकानचा हात आता खुंट्यावर टिकत नव्हता.

शारापातने आधी थोडा बोझो करून पाहिला. ती माझ्यापाशी बसली आणि मी तिला दगा दिला. माझ्यातून भुकटी पडू लागली. फडके तुंबले, पिळून पिळून तिचे हात लाल झाले, आणि खाली उतरली ती खळ.

"तुझ्या माहेरी जातं फिरवत नव्हते का गं? नुसतं बघून हात जोडत होते?" सुयुमकानने विचारले.

"फिरवत होते, आपा. मीही फिरवलंय." आपा म्हणजे आई, सासूलाही ती तेच म्हणे. "हे जातंच बिघडलंय."

"दगड बिघडतो होय? उद्या म्हणशील, डोंगर आजारी पडला."

तोक्तोसुनने दोघींचे ऐकून घेतले आणि मला उचलून मेंढ्यांच्या गोठ्यात नेऊन टाकले. माझ्या तळीवर मिठाचे खडे ठेवले, मेंढ्यांना चाटायला. मेंढ्या मिटक्या मारत चाटत. त्यांना भरडीशी काही देणेघेणे नव्हते.

मग तो शहरातल्या बाजारातून विजेवर चालणारे यंत्र घेऊन आला. गोठा घराला लागूनच होता, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"आपा, बघ, असं पीठ काढतं की फुंकर मारली तर उडेल!"

"बोझोला भरड लागते रे. पीठ कशाला?"

"विकणारा म्हणाला, जितकं बारीक तितकं सत्त्व जास्त उतरतं."

"विकणाऱ्याने बोझो केलाय कधी?"

"तुमच्या दगडाने काय दिवे लावले, ते पाहिलं की मी," तोक्तोसुन म्हणाला.

यंत्र घोंघावले, जव दळले गेले, आणि चार दिवसांनी कढईत पुन्हा खळ. तोक्तोसुन हार मानायला तयार नव्हता. निदान अरक तरी काढू म्हणून त्याने बापाची भट्टी लावली. बुडाला पीठ लागले, करपले, आणि धुराचा वास आठवडाभर घरातल्या रजयांतून गेला नाही. जो अरक निघाला तो सुयुमकानने जिभेवर ठेवला आणि ती म्हणाली, "जळकं घोंगडं पिळलंयस का रे?"

शारापात मात्र हसली नाही. जोरो जवळ आली होती. मोड आणलेले जव एकाच खेपेपुरते उरले होते, आणि त्या थंडीत नवे मोड वेळेत येणार नव्हते. तिने कोनाड्यातून माझी जुनी भुकटी काढली, यंत्राची काढली, आणि दोन्ही सासूच्या दोन तळहातांवर ठेवल्या. सुयुमकानला आता नीट दिसत नसे. तिने चिमटीत घेऊन चोळून पाहिले. एकदा ही, एकदा ती.

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली. "आमचा दगड कधीपासून मैदा काढायला लागला?"

ती उठून गोठ्यात आली. मेंढ्यांना ढकलून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग वरची तळी उलटी करून तिच्यावरूनही. मी पार गुळगुळीत झाले होते. गुळगुळीत तळी दाणा फोडत नाही, त्याला रगडत बसते.

"कादिरकुल दगडाला छिन्नीने टाकी लावायचा," सुयुमकान हळूच म्हणाली. "दर वर्षी, जव वाळत घातले की बसायचा टकटक करत. मी ओरडायचे, बंद करा ते, माझं डोकं उठलं. तो म्हणायचा, थोडंच राहिलंय." ती मेंढ्यांमध्येच खाली बसली. "माझ्या लक्षातच नाही आलं गं. ते काम करणारा गेला, ते कामही गेलं."

मी एरवी कशाने हलत नाही. पण त्या वेळी ती माझ्या तळीवर हात ठेवून रडली, आणि मला वाईट वाटले.

कादिरकुलची छिन्नी खोगिराच्या पेटीत सापडली. शारापातने मला गरम पाण्याने धुतले आणि टाकी लावायला बसली. म्हातारी शेजारी बसून बोटांनी चाचपत होती. "इथे अजून. इथे नको, इथे पुरे. अगं, खड्डे नकोत, नुसता खरबरीतपणा हवा." शारापातच्या अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली. मग उरलेले जव माझ्यात पडले आणि माझ्यातून भरड उतरली. दाणा फुटलेला, टरफल मोठे. या वेळी फडके तुंबले नाही.

जोरोच्या संध्याकाळी घर भरले. मंडळाचा म्होरक्या एसेनकुल वरच्या बाजूला बसला. त्याच्या शेजारी ती आसनाची घडी. तोक्तोसुनने सगळ्यांना वाडगे दिले आणि स्वतः दाराशी उभा राहिला. एसेनकुलने घोट घेतला आणि थांबला. सगळेच थांबले.

"तोक्तोसुन," तो म्हणाला, "यात मीठ आहे की काय?"

मित्रांनो, मीठ होते. कितीही धुतले तरी मेंढ्यांचे मीठ माझ्या अंगात मुरले होते. तोक्तोसुनचा चेहरा उतरला. दाराआड शारापातने ओढणीचे टोक तोंडात धरले. तेवढ्यात आतून सुयुमकानचा आवाज आला.

"माझ्या मेंढ्या तर आवडीने चाटतात, एसेनकुल! तुम्हाला त्यांच्याहून जास्त चव कळते का?"

माणसे इतकी हसली की एकाच्या हातचा वाडगा हिंदकळला. मग ती प्यायला लागली. मिठाने तहान वाढते, त्यामुळे ती आणखी प्यायला लागली. दुसऱ्यांदा वाडगे भरले, तिसऱ्यांदा भरले, मग कोणी विचारायचेही थांबले. शेवटी एसेनकुलने आपला वाडगा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर उपडा ठेवला. एक थेंब पडला नाही.

"पुढच्या वेळी मीठ कमी टाक," तो म्हणाला. "बाकी बोझो कादिरकुलचाच." आणि त्याने आपल्या हाताने घडी उलगडली. तोक्तोसुन बापाच्या जागी बसला.

पुढच्या शरदात शारापात नवे यंत्र बघायला बाजाराला निघाली. माझा खुंटा ओढून तिचा खांदा धरला होता, त्यात तिची चूक नाही, मी जड आहे. तिच्याबरोबर एका पिशवीत मोड आणलेले जव होते आणि पुरचुंडीत माझी मूठभर भरड. तोक्तोसुन मागून गेला होता. परत आल्यावर त्यानेच आईला सगळे सांगितले, म्हणून मला कळले.

पहिला विक्रेता तिला एजे, म्हणजे ताई, अशी हाक मारून म्हणाला, "एजे, याच्याहून बारीक कुठेच निघत नाही."

"मग ते तुलाच राहू दे," शारापात म्हणाली आणि पुढे गेली. दुसऱ्याकडे जव दळून पाहिले, पुरचुंडीशी ताडून पाहिले आणि तेही नाकारले. तिसऱ्याकडे हाताने फिरवायचे लहान यंत्र होते, खाचा असलेले दोन लोखंडी रूळ आणि त्यांतले अंतर कमीजास्त करायला बाजूला पेच. तिने पेच पिळला, दळले, पाहिले, पुन्हा पिळला. विक्रेता वैतागला. "एजे, तुम्हाला यंत्र हवंय की नवरा?"

"नवरा आहे. तो न बघता आणला होता, आता बघून घेतेय," ती म्हणाली. नवरा शेजारीच उभा होता. त्याने गपचूप यंत्र उचलून गाडीत ठेवले.

खरे सांगायचे तर ते रूळ माझ्याहून चांगले भरडतात. खांदा दुखत नाही, मीठ लागत नाही. मी दाराशी बसते, लोक माझ्यावर बूट काढतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सांगायला मी बसलेले नाही. घरातले माणूस गेले की ते गुपचूप कोणकोणती कामे करत होते, तेवढे मात्र एकदा आठवून पाहा. नाहीतर दोष दगडाला जातो, किंवा सुनेला.

दर शरदात जव वाळत पडले की शारापात मला आत नेते. माझी मूठभर भरड काढून त्या मापाने यंत्राचा पेच लावते. त्याआधी मला टाकी लावावी लागते. छिन्नी वाजू लागली की आतून सुयुमकान ओरडते, "बंद कर गं ते, डोकं उठलं माझं!"

"थोडंच राहिलंय, आपा," शारापात म्हणते.

मग टकटक थांबेपर्यंत म्हातारी ऐकत बसते.