ओट्याची उंची

"ताई, हात कोपरात वाकवा. असा. आता हलू नका."

भैरू गवंड्याने टेपचं टोक पायाने जमिनीवर दाबलं आणि पट्टी चारुलताच्या कोपरापर्यंत ताणली. तिथून चार बोटं खाली त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"ओटा हितं यायला पायजे तुमचा. जुना लईच खाली होता. कंबर दुखत आसंल."

"दुखते."

"दुखनारच. कुनाच्या मापानं केला होता?"

"आईच्या," चारुलता म्हणाली.

नेरूळचा हा फ्लॅट वडिलांनी घेतला तेव्हा आईच स्वयंपाक करायची आणि आईची उंची पाच फुटांपर्यंतही पोचत नव्हती. ते ठीकच होतं. पुढे वडील अचानक गेले, नंदकिशोरचं इंजिनीअरिंग व्हायचं होतं आणि चारुलताला कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी लागली होती. स्थळं येत होती ती "आधी नंदूचं होऊ दे" म्हणता म्हणता थांबली. नंदू पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं. चारुलता त्याच ओट्यापाशी वाकून पहाटे पोळ्या लाटायची आणि मग ऑफिसला जायची. चार वर्षांपूर्वी आई पडली, वॉकर आला, आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्याकडे आला. डॉक्टरांनी चारुलताला कमरेचा पट्टा दिला आणि सांगितलं, वाकणं बंद करा. ती हसली होती.

एका मॉड्युलर किचनवाल्याला तिने बोलावून पाहिलं. त्याने लॅपटॉपवर एक पांढरंशुभ्र स्वयंपाकघर दाखवलं आणि शेवटी आकडा सांगितला. तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग ती स्वतःच हिंडली. तुर्भ्याच्या दगडवाल्याकडे एका बंगल्याच्या कामातून उरलेले हिरवट ग्रॅनाइटचे दोन तुकडे मिळाले. जोड शेगडीखाली येईल असं भैरूने मोजून सांगितलं. टाइल्स दुकानातल्या शिल्लक मालातल्या, तीन पेट्या एका छटेच्या आणि चौथी किंचित फिकट. फिकट पेटी फ्रिजच्या मागे लावायची ठरली. कपाटांची लाकडं तीच ठेवून वरून नुसता सनमायका.

आठ दिवस तिने रजा काढली. शेगडी बाल्कनीत गेली, दोन्ही वेळा खिचडी झाली. धुळीने केस पांढरे झाले तरी ती भैरूच्या मागे उभी राहायची, आणि त्याने लेव्हलची नळी धरली की दुसरं टोक आपण धरायची. आई पलंगावरून विचारायची, "झालं का गं?" चारुलता म्हणायची, "होतंय आई. बघशील तू."

काम संपल्यावर, दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जासोबत भरलेलं डिपॉझिट परत मागायला ती सोसायटीच्या ऑफिसात गेली. मॅनेजर अभय तिच्याच कॉलेजात शिकलेला. त्याने खुर्ची पुढे केली.

"मॅडम, चेक मेंबरच्या नावानेच निघतो. सही लागेल."

"आईची सही आणते ना. अर्जावर तिचीच होती."

अभयने रजिस्टर उघडलं, परत मिटलं.

"तो अर्ज आमच्याकडून तसाच पास झाला, चूक आमची. पण आजींची नाही चालणार मॅडम. नंदकिशोर सरांची लागेल. फ्लॅट त्यांच्या नावावर झाला ना, दोन वर्षं होतील. तुम्हाला माहीत असेल."

"हो," चारुलता म्हणाली. "विसरले मी."

दर महिन्याचं बिल तीच मोबाइलवर भरायची. फ्लॅटचा नंबर टाकला की झालं. वर नाव कोणाचं आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. आई पलंगावर वाटाणे सोलत होती.

"आई, घर नंदूच्या नावावर केलंस?"

आईने हातातली शेंग सोलून संपवली.

"तुझे परीक्षेचे दिवस होते. रात्री आठ-आठला यायचीस. तो आला आणि मला वाशीला रजिस्ट्रारच्या ऑफिसात घेऊन गेला. गाडीतून उतरायलासुद्धा त्रास होऊ दिला नाही."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून काय वेगळं झालं असतं? त्याला मुलगा आहे. घर कुणाच्या तरी मागे राहायला हवं. तुझ्यामागे कोण आहे?"

चारुलता भिंतीला टेकली. "मग मी हे सगळं करत होते तेव्हा तरी बोलायचंस. अर्जावर सही केलीस माझ्यासमोर."

"तुझी हौस होती. म्हटलं करू दे." आईने वाटाण्याचं ताट पुढे सरकवलं. "तो काय तुला बाहेर काढणार आहे थोडाच."

पुढच्या रविवारी नंदकिशोर आणि त्याची बायको क्षिप्रा आले. नंदकिशोर ओट्यावरून हात फिरवत म्हणाला, "ताई, एक नंबर झालंय. एवढ्या कमीत कसं काय बसवलंस?" त्याला खरंच कौतुक वाटत होतं. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले.

"फोटो कशाला?" चारुलताने विचारलं.

"एजंटला पाठवायला. बोलणारच होतो तुझ्याशी." तो आवाज खाली आणून म्हणाला, "आईला आता पुण्याला नेतो. तू दिवसभर ऑफिसात, ती एकटी, टेन्शन असतं मला. हा फ्लॅट भाड्याने देऊ. आता किचन असं झालंय म्हटल्यावर भाडंही बरं येईल. तुला काही घाई नाही, मेपर्यंत राहा आरामात. आणि रिटायर झालीस की ये की पुण्याला. क्षिप्रालाही मदत होईल."

क्षिप्रा मोबाइलमध्ये बघत होती. ती म्हणाली, "खरंच या, ताई."

तेवढ्यात आई वॉकर टेकत दारात आली. नवीन ओट्यावर पहिलं दूध उतू घालायचं होतं. चारुलताने पातेलं आधीच घासून ठेवलं होतं, हळदकुंकवाची वाटी काढली होती. ती पुढे झाली.

"थांब," आई म्हणाली. "क्षिप्राला करू दे. घरची सून आहे."

क्षिप्राने शेगडी पेटवली. ओटा तिला उंच होत होता. पातेल्यात डोकवायला ती चवड्यांवर उठली. दूध वर आलं, कडेवरून उतरलं, हिरवट दगडावर पसरलं. आईने हात जोडले. नंदकिशोरने आणखी एक फोटो काढला. मग सगळी बाहेर सोफ्यावर जाऊन बसली आणि आईने आतल्या दिशेने सांगितलं, "चारू, ते पुसून घे गं. आणि चहा टाक."

चारुलताने शेगडी बंद केली. दूध ओट्याच्या कडेवरून नव्या टाइलवर ठिबकत होतं. तिने खुंटीवरची पर्स घेतली आणि सगळ्यांसमोरून चप्पल घालून बाहेर पडली. "कुठे निघालीस?" आईने विचारलं. "येते," ती म्हणाली.

जवळच्या सारसोळे गावात खोल्या भाड्याने मिळतात हे तिला कॉलेजच्या शिपायाने कधीतरी सांगितलं होतं. विचारत विचारत ती सरस्वतीबाईंच्या घरी पोचली. बाईंनी जिन्यावरून वर नेऊन खोली दाखवली. एक खिडकी, एक पंखा, कोपऱ्यात कडाप्प्याची फळी.

"पानी सकाली सा ते आठ. खाली सुकट वालत टाकतो आमी, वास चालल ना तुला?"

"चालेल."

"एकलीच हाय का? मागून कुनी येनार नाय ना?"

"नाही. कुणी नाही."

सरस्वतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि जास्त विचारलं नाही. खाली आणून खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कपाटातून एक छापील कागद काढला. "पोलिसात द्यायला लागतो. भर तूच. मना लिवता नाय येत."

नाव, वय, नोकरी, मोबाइल. चारुलताचा हात सरसर चालला. तिने आयुष्यभर मुलांचे फॉर्म तपासले होते. रिकामा रकाना दिसला की ती फॉर्म परत करायची, पुन्हा रांगेत उभं राहायला लावायची.

"कायमचा पत्ता" या शब्दांपाशी पेन थांबलं.

"आटलं का पेन?" सरस्वतीबाईंनी विचारलं. "दुसरं देऊ?"

"नको."

तिने कॉलेजचा पत्ता लिहिला. परीक्षा विभाग, पहिला मजला, पिनकोडसकट, नेहमीच्या सुबक अक्षरात. निवृत्तीला दीड वर्ष होतं. तोवर तो पत्ता चालणार होता.